मालगाडीचे डबे घसरले की मार्ग सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो?

डबा उचलायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो उचलण्यापर्यंत पोचण्यात, आणि उचलून झाल्यावर रूळ पुन्हा घालण्यात. तुम्ही विचारलंय की क्रेन असताना चार-पाच डब्यांसाठी दिवस-दिवस मार्ग बंद का राहतो, आणि काही डबे नंतर महिनोन्महिने रुळाशेजारी तसेच का पडून असतात. मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या खात्यातून निवृत्त झालो, नोकरीतली बरीच वर्षं ब्रेकडाउन गाडीच्या, म्हणजे क्रेन घेऊन अपघाताच्या जागी जाणाऱ्या गाडीच्या, गँगमध्ये माझं नाव होतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे: तिथे पोचल्यावर पहिल्यांदा ठरवावं लागतं, कुठला डबा वाचवायचा आणि कुठला लोटून द्यायचा.

आधी वजनाचा अंदाज घ्या. कोळशाची बॉक्सएन वाघीण, म्हणजे वरून उघडा मालडबा, रिकामी असली तर साडेबावीस टनांची, भरली की ८१ टनांची. अशा ५८-५९ वाघिणी एका गाडीला, लांबी सहाशे मीटरांच्या वर. २३ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, वर्धा-बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळा यांच्यामध्ये कोळशाच्या गाडीच्या २० वाघिणी घसरल्या. गुणाकार करून बघा, सोळाशे टनांचा ढीग होतो. दिवाळीला गावी निघालेल्यांच्या गाड्या कुठे रद्द, कुठे वळवलेल्या. अशा ढिगाला हात घालायचा तर सुरुवात कुठून करायची हेच आधी कळत नाही.

हूटर वाजल्यापासून दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांत ब्रेकडाउन गाडी निघाली पाहिजे असा नियम आहे. ती निघतेही. पण ज्या मार्गावर अपघात झाला त्याच मार्गावर मागच्या गाड्या एकामागे एक अडकलेल्या असतात. त्या मागे घेतल्याशिवाय आम्हाला वाट कशी मिळणार? शिवाय क्रेनचं तोंड बरोबर बाजूला हवं. क्रेन गाडीच्या शेपटाला आणि अपघात पुढे, असं झालं तर वाटेतल्या एखाद्या स्टेशनात शंटिंग करून तिला पुढे आणावं लागतं.

पोचल्यावरही क्रेन लगेच चालत नाही. गाडीचे जे डबे रुळावर धड उभे आहेत ते दोन्ही टोकांकडून इंजिनानं ओढून न्यायचे. मधली, डबे जोडणारी कपलिंगं ताणाखाली अडकलेली असतात, ती हातानं सुटत नाहीत, गॅस कटरनं कापावी लागतात. कापताना कपलिंगच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हे नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतात. मग वरची तार. तिच्यात २५,००० व्होल्ट. सप्लाय बंद झाला एवढं फोनवर कळून भागत नाही. टीआरडीवाले, म्हणजे या तारेचं खातं, दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे अर्थिंग रॉड लावतात, कागदावर परवानगी देतात, गरज असेल तिथे टॉवर वॅगन, म्हणजे तारेपर्यंत पोचणारी मचाणाची गाडी, आणून तार बाजूला घेतात, तेव्हा कुठे क्रेनचं बूम, म्हणजे तिचा लांब हात, वर जातं. तोवर कंट्रोलमधून दर थोड्या वेळानं फोन: ‘किती वेळ लागेल?’ हा फोन घेणाऱ्या साहेबाची मला नेहमी दया यायची.

ही धावपळ चालू असताना एक काम मात्र शांतपणे करावं लागतं. चाक रुळावर चढलं कुठे ते शोधायचं. रुळाच्या माथ्यावर चाकाच्या फ्लँजची, म्हणजे चाकाला रुळाच्या आत धरून ठेवणाऱ्या कडेची, एक बारीक, तिरपी, चकचकीत रेघ असते. आतल्या कडेवरून सुरू होते, माथा ओलांडते आणि बाहेरच्या कडेवर संपते. तिच्या पुढे रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर घाव दिसायला लागतात. बॅटरीच्या उजेडात ही रेघ सापडली की तिच्या मागचा रूळ मोजायचा आणि पहिल्यांदा घसरलेलं चाक मोजायचं. रेघ नसली तर गोष्ट वेगळी: चाक चढलं नाही, आत पडलं, उडालं किंवा रूळच तुटला. जॉइंट नोटवर, म्हणजे कारणाच्या एकत्रित नोंदीवर, सगळ्या खात्यांच्या सुपरवायझरांच्या सह्या लागतात, आणि इथे गंमत सुरू होते. रूळवाले आमच्या चाकाची फ्लँज झिजून १६ मिलिमीटरपेक्षा पातळ झालीय का ते बघतात, आम्ही त्यांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि रुळाचा पीळ, म्हणजे एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर-खाली झालाय का, ते बघतो, आणि दोघं मिळून ड्रायव्हरचा वेग विचारतो. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण खुणा पुसल्या गेल्यावर कारण सापडत नाही, आणि कारण सापडलं नाही तर तिथेच पुन्हा गाडी घसरू शकते. म्हणून हा वेळ मी वाया गेलेला धरत नाही.

आता डब्यांकडे. डबा सरळ उभा आहे आणि एकच ट्रॉली, म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा, खाली उतरलीय, असं असेल तर क्रेनपेक्षा हायड्रॉलिक जॅक बरे. पण मालडब्याची बॉडी ट्रॉलीला पक्की बांधलेली नसते. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्यावर बसते तशी ती मधल्या पिव्होटवर नुसती बसलेली असते, धरून ठेवतं ते वजनच. तसाच जॅक लावला तर बॉडी वर येते आणि ट्रॉली खडीतच राहते. म्हणून आधी साखळदंडांनी दोन्ही एकत्र आवळायचे. खडीत जॅक रुततो, म्हणून खाली लाकडी ठोकळ्यांचं पॅकिंग रचायचं. उचलायचं, खालून आडवा बीम सरकवायचा, त्यावर डबा घ्यायचा, आणि आडव्या जॅकनं बोट-बोट सरकवत चाक रुळाच्या बरोबर वर आणायचं. पंपावरच्या माणसाला समोरचं दिसत नसतं. इशारे एकच माणूस देणार, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. फ्लँज आतल्या बाजूला नीट बसली की जो आवाज येतो त्यानंतरच चहा.

आडवा पडलेला डबा मात्र क्रेनशिवाय हलत नाही. १४० टनांची क्रेन म्हटलं की लोकांना वाटतं ८१ टन म्हणजे सहज. ते १४० टन क्रेनच्या अगदी जवळ, आणि तेही बाजूचे पाय पसरून पक्के टेकवल्यावर. बूम जितकं लांब न्याल तितकी ताकद झपाट्यानं उतरते. उतारावर डबा दहा-बारा मीटर खाली गेला असेल तर माल काढल्याशिवाय त्याला हात लावण्यात अर्थ नाही. आणि घाटात तर पाय पसरायलाच जागा नसते. कसारा किंवा बोर घाटात एकास सदतीसचा चढ, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. बोगद्यात घसरलं तर बूम उचलायचं कुठे? तिथे जॅक, वायर रोप आणि इंजिनाची ओढ एवढंच.

मालावरही बरंच अवलंबून असतं. कोळसा सगळ्यात सोपा, पोकलेननं ओढून टाकला की झालं. २८ मे २०२४ ला पालघर स्टेशनात स्टीलच्या कॉइल नेणारी गाडी घसरली, कॉइल रुळांवर आल्या. अशी एकेक कॉइल वीस टनांच्या आसपास भरू शकते आणि गोल असल्यानं कुठे घरंगळेल याचा भरवसा नसतो, म्हणजे डब्याआधी तिचीच सोय लावायची. तेलाचा टँकर असेल तर गॅस कटर बंद, ठिणगी बंद, अग्निशमनची गाडी उभी, आणि तेल दुसऱ्या टँकरात काढेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं.

इतकं झाल्यावर रूळवाल्यांचं काम सुरू होतं, आणि बहुतेक वेळा तेच मोठं असतं. घसरलेलं चाक काँक्रीटचे स्लीपर फोडत जातं. एका किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर तीनशे मीटरांत जवळपास पाचशे. प्रत्येक अडीचशे किलोच्या वर. यंत्र पोचत नाही तिथे माणसंच उचलतात. मशीनवाल्यांचं, क्रेनवाल्यांचं पेपरात नाव येतं, या गँगमनचं येत नाही, हा माझा जुना राग आहे.

म्हणून जो डबा वाचवायला चार तास लागतील त्याच्यापायी दोन्ही मार्ग अडवून ठेवायचे नसतात. तो बाजूला लोटायचा, रूळ घालायचा, तार ओढायची, ट्रॅक फिट, म्हणजे रूळ ठीक असल्याचा दाखला, मिळाला की पहिली गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वेगानं काढायची. लोटलेले डबे नंतर सवडीनं, ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) मिळेल तसे उचलतात. काही कारखान्यात जातात, मोडलेले तिथेच कापून भंगारात विकतात, आणि कागद पुढे सरकेपर्यंत ते पडून राहतात. तुम्हाला खिडकीतून दिसतात ते हेच. रुळावर चढवलेला डबासुद्धा लगेच धावत नाही: दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं १६०० मिलिमीटर अंतर जागेवर तपासायचं, बरोबर असेल तरच हळूहळू जवळच्या यार्डात न्यायचा, आणि तिथे चाकं बदलून काढलेले ॲक्सल अल्ट्रासॉनिक तपासणीला पाठवायचे.