उत्तर: तीन व्हर्जनवर टेस्ट लावताय? आधी हिरवा लॉग उघडून बघा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. रिपोर्ट काढणारं पॅकेज, तीन ग्राहक, तिघांच्या सर्व्हरवर पांडाजचं (पायथनमध्ये तक्ते हाताळणारी लायब्ररी) वेगवेगळं व्हर्जन. दर रिलीजच्या आधी दोन पोरं दोन दिवस लॅपटॉपवर एक व्हर्जन टाक, टेस्ट चालव, ते काढ, दुसरं टाक, असं करत बसतात. हे आपोआप कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय, आणि तेही नागपुरातूनच. क्षणभर वाटलं, आमच्या जुन्या ऑफिसातलंच कोणी लिहितंय. आमच्याकडे पोरं तीन होती आणि त्यातला एक मी, एवढाच फरक.

टेस्ट आपोआप चालवायला टॉक्स घ्यायचं की नॉक्स, गिटहबचं मॅट्रिक्स (एकेका व्हर्जनला वेगळा रकाना देऊन त्याच टेस्ट चालवणारी सोय) लावायचं की जेनकिन्स, यावर मी शाई खर्च करत नाही. कुठलंही घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. आमचं वाटोळं जिथे झालं तेवढं सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी डेव्हऑप्सवाला (सर्व्हर-रिलीज सांभाळणारा) नाही. पायथनच्या कुंपणाबाहेर माझं काही चालत नाही.

२०२३ च्या पोळ्याच्या आठवड्यात मी मॅट्रिक्स लावलं. पायथन ३.९ आणि पांडाजचे तीन रकाने: १.३.५, १.५.३ आणि २.०.३. पहिल्याच फटक्यात तिन्ही हिरवे, म्हणजे पास. साहेबांनी खुश होऊन सगळ्यांना तर्री पोहे मागवले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबतीच्या (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत सोबतचा म्हणाला, चला, हाताने टेस्ट करायची पीडा घेऊन गेली बाप्पा मारबत. साडेसहा महिने आम्ही त्याच भ्रमात होतो.

गंमत अशी की पांडाज २.० मध्ये, म्हणजे एप्रिल २०२३ मध्येच, डेटाफ्रेमचं (पांडाजच्या तक्त्याचं) अपेंड (ओळी जोडणं) काढून टाकलेलं होतं. १.४ पासून ते वापरलं की इशारा यायचा आणि २.० मध्ये गायब. आमच्या कोडमध्ये अपेंड निदान चाळीस ठिकाणी होतं. म्हणजे २.०.३ चा रकाना पहिल्याच दिवशी लालभडक व्हायला हवा होता. तो हिरवा आला आणि तिघांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही, की हा हिरवा काऊन?

झालं असं होतं. फाइलीत इन्स्टॉलच्या दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीत रकान्यात लिहिलेलं पांडाज बसायचं. दुसऱ्या पायरीत रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी. ती फाइल कोणीतरी (मीच) कधीकाळी आपल्या लॅपटॉपवर पिप फ्रीझ (बसवलेल्या लायब्ररींची नेमकी व्हर्जन छापणारी कमांड) मारून बनवली होती आणि तिच्यात पांडाज १.३.५ ठोकून बसवलेलं होतं. मग पिप, लायब्ररी बसवणारा बिचारा, सांगितलं तेच करायचा. लॉगमध्ये चार ओळी यायच्या: पांडाज २.०.३ आधीच आहे, २.०.३ काढतोय, काढलं, १.३.५ बसवलं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण हिरवी खूण आली की पायरीची घडी मिटलेली असते, आणि हिरव्याची घडी कोण उघडतो? रकान्यांची नावं तीन होती, आत तिन्हीकडे १.३.५ च. एकच टेस्ट आम्ही रोज तीनदा चालवत होतो आणि तीन व्हर्जनचा पाठिंबा आहे म्हणून ग्राहकांना लिहून देत होतो.

तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही रिक्वायरमेंट्सच्या फाइलीचा उल्लेख केलाय म्हणूनच एवढं लिहायला बसलो. तिच्यात दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) बांधलेलं पांडाज आहे का, ते आजच बघा.

मार्च २०२४ च्या शेवटी फुगा फुटला. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर त्यांच्या ठेकेदाराने सगळं अपग्रेड केलं, पांडाज २ वर गेलं, आणि वर्षअखेरीचा रिपोर्ट अपेंडवर आपटला. ग्राहकाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. त्यांच्या संगणक विभागाला आम्ही डिसेंबरमध्ये लेटरहेडवर पत्र दिलं होतं की तुमच्या सर्व्हरवर कोणकोणती व्हर्जन आहेत एवढं कळवा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सदर माहिती गोपनीय असल्याने पुरविता येत नाही. राजेहो, आमचंच पॅकेज त्या सर्व्हरवर चालतं! पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर, फक्त जावक क्रमांक नवा.

बंद पडल्यावर मात्र व्हॉट्सॲपवर एररचा फोटो आला. तिरपा, अर्धाच स्क्रीन, आणि ट्यूबलाइटचा पट्टा नेमका व्हर्जनच्या आकड्यावर. शेवटी दुपट्टा बांधून भर दुपारी स्कूटीवर गेलो. तीन तास बाकावर. साहेब मीटिंगमध्ये, मग जेवायला, मग पुन्हा मीटिंगमध्ये. शेवटी एका ऑपरेटरने दया येऊन साहेबांच्या मागे पिप फ्रीझ मारून दाखवलं. दहा सेकंद लागले. दहा सेकंदांच्या त्या यादीसाठी चार महिने पत्रव्यवहार, आणि वर आमचं बिल रोखलं ते जूनपर्यंत. आजही त्या रस्त्याने जाताना माझं डोकं तापतं, असो.

चूक आमची होतीच, ती मी त्यांच्यावर ढकलत नाही. पण त्या दिवसापासून ग्राहकाला व्हर्जन विचारणं मी बंद केलं. आमचं पॅकेज सुरू होतानाच स्वतःच्या लॉगची पहिली ओळ लिहितं: पायथन अमुक, पांडाज तमुक, नमपाय (पांडाजच्या खालची आकडेमोडीची लायब्ररी), ओपनपायएक्सेल (एक्सेल फाइलींची). पायथन ३.८ पासून इम्पोर्टलिबच्या मेटाडेटामधून हे पाचेक ओळींत होतं. ग्राहक तक्रारीसोबत लॉग पाठवतो, व्हर्जन आपसूक हातात येतं. (करारात बसतं का ते एकदा बघून घ्या. आमच्या करारात बसत होतं.)

आता दुरुस्तीचं. इन्स्टॉल एकाच कमांडमध्ये करा. रकान्यातलं व्हर्जन आणि रिक्वायरमेंट्स दोन्ही एकदम दिलं की पिपच्या २०.३ नंतरच्या रिझॉल्व्हरला (कोणतं व्हर्जन बसवायचं ते ठरवणारा भाग) दोन परस्परविरोधी मागण्या दिसतात आणि तो तिथेच भांडतो, पुढे जातच नाही. दोन पायऱ्यांत दिलं की नंतरचा जिंकतो आणि तेही मुकाट्याने. रिक्वायरमेंट्समध्ये फक्त किमान व्हर्जन लिहा, नेमकं व्हर्जन रकान्यागणिक वेगळ्या कन्स्ट्रेंट्स फाइलीत.

दुसरं, आणि माझ्या मते मॅट्रिक्सपेक्षाही महत्त्वाचं: सगळ्यात पहिली टेस्ट व्हर्जनचीच लिहा. रकान्याने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) सांगायचं की मला २.०.३ अपेक्षित आहे, आणि टेस्टने प्रत्यक्ष इम्पोर्ट झालेल्या पांडाजला विचारायचं की तू कोण. जुळलं नाही तर पुढची एकही टेस्ट चालवायची नाही. ही चार ओळींची टेस्ट पोळ्याच्या आठवड्यात लिहिली असती तर मी त्या बाकावर बसलो नसतो. टॉक्स घेणार असाल तर हरवलेले इंटरप्रिटर (मशीनवर नसलेली पायथनची व्हर्जन) वगळायचं जे सेटिंग आहे ते सीआयवर (टेस्ट आपोआप चालतात तिथे) बंदच ठेवा. ते चालू असलं की मशीनवर पायथन ३.११ नसलं तरी टॉक्स तो रकाना गुपचूप ओलांडतो आणि शेवटी सगळं छान झालं म्हणून सांगतो. आमच्यासारखाच भ्रम, फक्त दुसऱ्या दाराने. कॅशचंही (पुन्हा वापरायला साठवलेल्या इन्स्टॉलचं) तसंच, तिच्या किल्लीत (ओळखनावात) लायब्ररीचं व्हर्जन घातलं नाही तर एका रकान्याचं एन्व्हायर्नमेंट दुसऱ्याला मिळतं.

दुरुस्त केल्यावर दोन रकाने लाल झाले. एक २.०.३, तो अपेंडमुळे. दुसरा १.५.३, कारण मी फ्यूचरवॉर्निंगला (ही सोय पुढे जाणार, असा इशारा) एरर मानायला सांगितलं होतं. हे तुम्हीही करा, पण फक्त आपल्या कोडपुरतं. सरसकट लावलं तर दुसऱ्यांच्या लायब्ररीतल्या इशाऱ्यांनी जीव जातो. अपेंडच्या जागी कॉन्कॅट टाकायला दीड दिवस लागला.

मग १६ जून २०२४ ला नमपाय २.० आलं. सोमवारी सकाळी बघतो तर तिन्ही रकाने लाल, आणि आम्ही तर एक अक्षर बदललं नव्हतं. एररमध्ये नमपायच्या डीटाइपचा (डेटाच्या प्रकाराचा) आकार बदलल्याची तक्रार. जुन्या पांडाजने नमपायला खालची मर्यादा दिलेली होती, वरची नव्हती. पिपने भोळेपणाने नवं नमपाय आणून बसवलं आणि जुन्या नमपायवर कंपाइल झालेलं पांडाज त्याच्यावर उभं राहीना. पांडाज २.२.२ पासून हे जमतं, त्याआधीच्यांना नमपाय २ च्या खाली बांधून ठेवा. बाकी सगळे वैतागले, मला मात्र तो लाल रंग बघून बरं वाटलं. पहिल्यांदा खात्री पटली की त्या रकान्यांत खरोखर काहीतरी तपासलं जातंय.

म्हणून रात्रीचा रन लावाच, कोड बदलो न बदलो. फक्त गिटहबचं क्रॉन (ठरल्या वेळी रन सुरू करणारं) मुळात यूटीसीत चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी रात्री २ ला लावलेला रन सकाळी साडेसातला सुरू व्हायचा आणि मी आठवडाभर त्याला शिव्या देत होतो. पायथनचं ३.१० अवतरणचिन्हात लिहा, नाहीतर यॅमल (ती सेटिंगची फाइल ज्या भाषेत असते ती) त्याचं ३.१ करतं. आणि फेल-फास्ट बंद करा, एक रकाना पडला की बाकीचे रद्द होतात आणि नेमकं कोणत्या व्हर्जनपासून बिघडलं ते कळत नाही.

किती व्हर्जन घ्यायची, यावर माझं मत जरा टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. चार पायथन, तीन पांडाज, तीन ओपनपायएक्सेल म्हणजे छत्तीस रकाने. छत्तीस रकान्यांचा लाल कोणी वाचत नाही. तुम्ही लिहून दिलेलं सगळ्यात जुनं, आजचं सगळ्यात नवं, आणि ग्राहकाकडे प्रत्यक्ष आहे ते, बस. सगळ्यात जुन्यासाठी युव्हीमध्ये (पिपसारखंच साधन) लोएस्ट-डायरेक्ट नावाचा पर्याय आहे, तो थेट अवलंबनांची किमान व्हर्जन स्वतः बसवतो. आमची लिहिलेली किमान व्हर्जन किती खोटी होती ते तेव्हा कळलं. जुनं पांडाज नव्या पायथनवर बसवायचा हट्ट करू नका, तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) नसलं की पिप सोर्समधून बांधायला घेतो आणि अर्ध्या तासाने पडतो. फक्त बायनरी घे असं सांगितलं की नाही म्हणायला त्याला दोन सेकंद लागतात.

आणि विक्रीवाल्यांना कोणीतरी सांगा की 'सर्व व्हर्जन चालतील' हे कोटेशनमध्ये लिहू नका. आमच्याकडे अजून लिहितात.

तुमच्या फाइलीतला इन्स्टॉलचा तुकडा आणि रिक्वायरमेंट्सच्या पहिल्या वीस ओळी इथे चिकटवा, टोकन-पासवर्ड काढून. शनिवारी दुपारी बघतो, रविवारी घरी पाहुणे आहेत.