महजर आधी, कॉन्फरन्स नंतर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बरेच मेल एकाच विषयावर आले, इस्लामी इतिहास आणि मुस्लिम कायदा यात पुढे शिकायचं तर कुठे, पेपर कुठे वाचायचे, पैसे कोण देतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : मी मिरजेची, इतिहासात एमए करतेय. आदिलशाहीतल्या न्यायावर काम करायचंय. सर म्हणतात अरबी-फारसी येत नाही तर नाद सोड. कॉन्फरन्सला पेपर पाठवायचा तर सुरुवात कुठून करू?

सरांचं अर्धं बरोबर आहे. फारसी लागणारच, आज ना उद्या. पण तुमच्याकडे मोडी असेल (नसेल तर आधी ती शिका, पुण्या-मुंबईत वर्ग चालू असतात, आणि रोज तासभर घासली तर लवकर हातात बसते) तर तुम्ही कैरोत किंवा लंडनमध्ये बसलेल्या पोराच्या चार पावलं पुढे आहात, कारण त्याला मोडी कुठून येणार?

उदाहरणार्थ महजर हा कागद बघा. मूळ शब्द अरबी, आपले हजर, हजेरी, हुजूर हे सगळे त्याच घरातले. काझीच्या कचेरीत साक्षी-जबाब लिहून काढले की त्याला महजर म्हणत, आणि तोच शब्द दख्खनमध्ये येऊन वतनाच्या भांडणातला गोताचा, म्हणजे गावच्या जमलेल्या सभेचा, निवाडा झाला. एकाच कागदावर वर काझीचा फारसी शिक्का, मजकूर मोडीत मराठी, खाली पाटलाने सहीऐवजी काढलेला नांगर. तारीख काय तर 'सु॥ खमस खमसैन अलफ'. घाबरू नका, अरबी आकडे आहेत, पाच अधिक पन्नास अधिक हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या दख्खनी कागदांतली कालगणना) १०५५. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, आलं १६५४-५५. मी पहिल्यांदा हे बसवलं तेव्हा 'खमसैन' म्हणजे कुणाचं तरी नाव समजून त्याचा वंश शोधत दोन दिवस घालवले होते, हसू नका.

डेक्कन कॉलेजने १९५३ साली छापलेला वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा इंग्रजी ग्रंथ अशा कागदांवरच उभा आहे, तो आधी वाचा. मग नंदिनी चॅटर्जींचं २०२० चं पुस्तक, माळव्यातल्या धारच्या एका जमीनदार घराण्याचे फारसी कागद घेऊन मुघल कायदा गावपातळीवर कसा चालायचा ते त्यात दाखवलंय. म्हणजे महजर हा आता जगात कुणी विचारत नाही असा विषय राहिलेला नाही, उलट मागणी आहे आणि वाचणारे कमी.

पहिला पेपर इंडियन हिस्टरी काँग्रेसला टाका. १९३५ मध्ये हिचं पहिलं अधिवेशन आपल्या पुण्यातच झालं, भारत इतिहास संशोधक मंडळात. बहुतेक वेळा डिसेंबरच्या शेवटी भरते, मध्ययुगाचा वेगळा विभाग असतो, मेंबर होऊन वेळेत पेपर पाठवायचा. गर्दी असते, बोलायला मोजून मिनिटं मिळतात, कधीकधी समोर आठ जण आणि त्यातले तीन पुढचे वक्ते, पण त्या आठात एखादा असा भेटतो की तुमचं काम मार्गी लागतं. नंतर अमेरिकेत मॅडिसनला दर ऑक्टोबरला दक्षिण आशियावरची मोठी कॉन्फरन्स होते ती, किंवा युरोपातली दोन वर्षांतून एकदा होणारी. तिथे सगळा खेळ अडीचशे-तीनशे शब्दांच्या अॅबस्ट्रॅक्टचा. आणि कृपा करून 'प्राचीन काळापासून भारतात न्यायव्यवस्था' असं सुरू करू नका. पहिल्याच वाक्यात कागद येऊ दे, कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, भांडण कशावरून.

फारसीचं काय, तर आधी उर्दू लिपी शिकून घ्या, दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेचा वर्षभराचा डिप्लोमा आहे. लिपी डोळ्यात बसली की फारसीचा अर्धा घाट चढून झाला.

प्रश्न : मी रत्नागिरीची, कोकणी मुस्लिम, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. मुस्लिम पर्सनल लॉ म्हटलं की सगळे तलाक आणि शाहबानो यापुढे जातच नाहीत. यात रिसर्चला दुसरं काही आहे का?

आहे की, आणि तुमच्या घरातच आहे. कोकणी मुसलमान शाफई आणि देशातले बहुतेक सुन्नी हनफी, म्हणजे सुन्नी कायद्याच्या दोन वेगळ्या परंपरा, हे तुम्हाला सांगायला नको. पण पुस्तकात 'मुस्लिम लॉ' म्हणून जे शिकवतात ते मुख्यतः हनफी. हिदाया हा हनफी कायद्याचा ग्रंथ इंग्रजांनी १७९१ मध्ये हॅमिल्टनकडून इंग्रजीत करून घेतला आणि कोर्टात तोच वापरायची सवय लागली. मग शाफई घरातलं लग्न, वली (मुलीचा पालक), वारसा कोर्टात गेल्यावर काय झालं? मुंबई हायकोर्टाचे जुने निकाल घेऊन बसा, एलएलएमचा विषय तयार.

शिवाय मुंबई म्हणजे या कायद्याची प्रयोगशाळाच होती. १८४७ च्या खोजा-मेमन (मुंबईतले दोन मुस्लिम व्यापारी समाज) खटल्यात सर अर्स्किन पेरींनी मुलींना वाटा न देण्याची रूढी कुराणातल्या नियमापेक्षा वरचढ धरली, १८६६ मध्ये खोजांवर आगाखानांचा हक्क किती यावरचा आगाखान खटला, आणि १९३७ चा शरियत अॅक्ट आला तो बऱ्याच अंशी अशा रूढींना बाजूला सारायलाच. मुल्लांचं जे जाडजूड पुस्तक तुम्ही वापरता ते लिहिणारे दिनशा मुल्ला पारशी. आणि आसफ अली असगर फैझी, माथेरानला १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल. त्यांनी इस्माइली (शियांचा एक पंथ) हस्तलिखितांचा स्वतःचा संग्रह मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. जगभरातले लोक त्यासाठी मुंबईचं नाव काढतात आणि आपली मुलं फोर्टात जाऊन वडापाव खाऊन परत येतात, जाऊ दे.

अजून एक, बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलात की पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा सुरू, तो मुसलमानांनाही लागू. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच नात्यागोत्यात दोन कायदे. यावर कुणी नीट लिहिलं तर मी पहिला वाचीन.

बाहेर जायचं तर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ इस्माइली स्टडीजचा तीन वर्षांचा ग्रॅज्युएट प्रोग्राम बघा, स्कॉलरशिपसकट असतो. लंडनलाच सोआस हे आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाचं कॉलेज, कॅनडात मॅकगिल (तिथली इस्लामिक स्टडीजची इन्स्टिट्यूट १९५२ पासूनची), हॉलंडमध्ये लायडन. हार्वर्डचं शरियासोर्स हे इस्लामी कायद्याच्या साधनांचं पोर्टल तर घरबसल्या उघडता येतं. मॅकगिल असो की लायडन, अरबी विचारणारच, तेव्हा फॉर्म भरायच्या वर्षी नाही, आजच क्लास लावा.

प्रश्न : 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन इस्लामिक लॉ, दुबई' असा मेल आलाय, पेपर दोन दिवसांत अॅक्सेप्ट झाला, फी पंचवीस हजार. भरू का? (नांदेड)

नका भरू. दोन दिवसांत तर आमचे संपादक माझा कॉलमसुद्धा पास करत नाहीत. त्याच मेलवाल्यांकडे त्याच हॉटेलात त्याच दिवशी नॅनोटेक्नॉलॉजी, दंतवैद्यक आणि मार्केटिंगच्याही कॉन्फरन्स आहेत का बघा, बहुतेक असतात. कमिटीतल्या दोन नावांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर थेट मेल टाका, तुमचं नाव इथे आहे ते खरं का म्हणून. मी स्वतः एकदा अशाच एका ठिकाणी पैसे भरून बसलोय, सर्टिफिकेट आलं, त्यात माझंच आडनाव चुकलेलं. फी खऱ्या कॉन्फरन्सलाही असते पण विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि कधीकधी प्रवासखर्चही देतात, विचारायला लाजू नका.

प्रश्न : मौलाना आझाद फेलोशिप परत सुरू होणार का? (मालेगाव)

अल्पसंख्याक समाजातल्या पीएचडीवाल्यांची ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केलीय, तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका. यूजीसीच्या नेट परीक्षेत 'अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज' हा स्वतंत्र विषय आहे हे कित्येकांना माहीतच नसतं, त्यात जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढा, इतिहासवाल्यांना आयसीएचआरची (भारतीय इतिहास संशोधन परिषदेची) फेलोशिपही आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यात फारसी शिक्क्यांचे कागद निघालेत, लॅमिनेट करून ठेवू का? (वाई)

अहो नको! लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, स्टेपलर नाही, घड्या जोर लावून उघडायच्या नाहीत. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा, पाठीमागची बाजूसुद्धा, कारण शेरे आणि शिक्के बऱ्याचदा तिथेच असतात. मग फोटो घेऊन पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जा, ग. ह. खऱ्यांनी फारसी साधनं तिथेच बसून छापली. आणि मिरजेच्या ताईंना ते कागद दाखवायची तयारी असेल तर आम्हाला कळवा, गाठ घालून देतो.