मतपत्रिकेवर स्पॅनिश आहे, मग मराठी का नाही?

चि. रेवा,

परवा मतपत्रिकेचा लिफाफा उघडताना तू विचारलंस, "यात स्पॅनिश आहे, मराठी का नाही? आणि सरकारला मराठीची गरज नाही, तर घरात तरी मराठीच बोलायचा हट्ट कशाला?" मी कुकरचं निमित्त करून सटकले. उत्तर तयार नव्हतं.

पहिला अर्धा प्रश्न सोपा. १९७५ पासून अमेरिकेच्या मतदान हक्काच्या कायद्यात भाषेची तरतूद आहे. आजच्या नियमानुसार एखाद्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) कायद्याने धरलेल्या एखाद्या भाषागटातले, एका भाषेचे, इंग्रजी नीट न येणारे मतदार १० हजारांच्या किंवा ५ टक्क्यांच्या वर असले, आणि त्यांच्यात निरक्षरता जास्त असली, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. या परीक्षेत आपण नापास, कारण आपल्याला इंग्रजी येतं!

पण स्पॅनिशची गोष्ट आकड्यांपुरती नाही. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आलं. इथली माणसं होती तिथेच राहिली, देश बदलला. १८४९ च्या राज्यघटनेत प्रत्येक कायदा स्पॅनिशमध्येही छापायचा असं लिहिलं होतं. १८७९ च्या नव्या घटनेत ते गाळलं. आपल्या गावाचं नाव सॅन होजे, यातच सगळं आलं.

शाळांतल्या भाषेचा वाद मात्र मला वाटायचा तितका सरळ नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ६१ टक्के मतांनी शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं. मी समजत होते, हे सगळं स्पॅनिशचा राग करणाऱ्यांनी केलं. पण त्याच्या दोन वर्षं आधी लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या काही आईबापांनीच मुलांना शाळेत पाठवणं थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं, आमची पोरं इंग्रजी शिकत नाहीत. कपडे शिवून पोट भरणाऱ्या आईला मुलीने ऑफिसात काम करावंसं वाटलं, तर तिला भाषेची वैरीण कसं म्हणायचं? २०१६ मध्ये ७३ टक्के मतांनी ती बंदी उठली. आता तुझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांचे आईबाप दुभाषी तुकडीसाठी रांगा लावतात. तीच स्पॅनिश, पण गरिबाच्या तोंडी अडचण आणि श्रीमंताच्या तोंडी हुशारी. मला याचा राग येतो.

हा राग थोडा घरचाही आहे. आजीचं माहेर बेळगावचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. मामाआजोबांचं घर, विहीर, शेत जागच्या जागी, पण सातबारा कानडीत. सरकारी कागद मराठीतून मिळावेत ही तिथल्या लोकांची मागणी अजून चालू आहे. तिथे मराठी मागणं म्हणजे हक्क मागणं. इथे आपण विमानाने आलो, आपल्या मर्जीने. तसा हक्क इथे सांगायला मला संकोच वाटतो.

म्हणून तुझ्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला कायदा कामाचा नाही. घरातल्या मराठीची सोय ना काउंटी करणार, ना शाळा. तू थकून आलीस की इंग्रजीत बोल, मी ओरडणार नाही (प्रयत्न करीन).

रविवारी आजीचा फोन येईल. १९५६ मध्ये ती सहा वर्षांची होती. तेव्हा शाळेत काय बदललं, ते तूच विचार. मी मधे बसून भाषांतर करणार नाही.

तुझी,
आई