घरच्या आजाऱ्याला सांभाळता सांभाळता इतर सांभाळणाऱ्यांसाठी काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं आईचा डिमेन्शिया सांभाळताय, आता ओळखीतले लोक तुमच्याकडेच विचारायला येतात, त्यांच्यासाठी काही करावंसं वाटतं, पण घरातून पाय निघत नाही. मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आई होती तोवर तिने पाहिलं, ती गेल्यापासून चौदा वर्षं मी पाहते. आजार वेगळा, पण पाय न निघणं तेच.

माझी सुरुवात दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर झाली. भावाची महिन्याची औषधं घ्यायला गेले होते. शेजारी एक बाई हातात पर्ची घेऊन बसलेल्या. खिडकीवर त्यांचा नंबर पुकारला, तरी उठेनात. विचारलं तर म्हणाल्या, मुलगा तो फाटकापाशी उभा आहे, रांगेत गेले तर तो निघून जाईल, आणि त्याला रांगेत आणलं तर थांबणार नाही. आधी दोनदा अशाच रिकाम्या हाताने परत गेल्या होत्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही त्याच्यापाशी थांबा, पर्ची माझ्याकडे द्या. त्या दिवशी मी केलं ते एवढंच. पुढच्या महिन्यात त्या माझ्या भावाजवळ बसल्या आणि मी दोघींची औषधं घेतली. एकटं माणूस पेशंटजवळ बसेल किंवा रांगेत उभं राहील, दोन्ही कसं करणार? आमची अर्धी कामं निव्वळ यामुळे अडलेली असतात. म्हणून सांगते, भाषण, संस्था, नोंदणी यांचा विचार आत्ता करू नका. आधी एक जोडीदारीण शोधा, तिची आणि तुमची दवाखान्याची तारीख एकच करून घ्या.

आता आम्ही सात घरं आहोत. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्यात एक औषध सलग तीन महिने ‘बाहेरून घ्या’ म्हणून सांगत होते. आम्ही प्रत्येकीने वेगवेगळं विचारून पाहिलं, कोणी मान वर करून बघितलं नाही. मग कायदा वाचला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. साध्या कागदावर अर्ज केला, कलमाचा आकडा घातला, नऊ सह्या घेतल्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. पुढच्या महिन्यात औषध आलं. तो शिक्क्याचा कागद मी अजून जपून ठेवलाय.

आमच्या शहराला हे नवीन नाही. इथल्या मनोरुग्णालयाची गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला सांगितलं. कोणीतरी लिहून मागितलं म्हणून ते झालं. त्याच वर्षी पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. ते कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, औषध देणारे डॉक्टर नव्हेत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. बहिणीकडे पुण्याला गेले असताना मी तिथल्या नातेवाइकांच्या गटात दोनदा बसून आले. तिकडे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. झेलम एक्सप्रेसने परत येताना ‘शुभंकर’ हा शब्द मनात घोळत होता. इतकी वर्षं मी स्वतःला काय म्हणायचं हेच मला माहीत नव्हतं.

आता तुमच्या आईसाठी. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या यादीत डिमेन्शिया हे नाव वेगळं सापडणार नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकार येतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने चार गोष्टी बघतात: स्वतःचं आवरणं, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा ते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायच्या दिवशी आपलं माणूस नेमकं नीट बोलतं, नाव-गाव सगळं सांगतं, आणि आपण खोटे पडतो. म्हणून आधी महिनाभर वहीत रोज दोन ओळी लिहा, त्या चार मथळ्यांखाली: ‘ब्लाउज उलटा घातला’, ‘मला बाई म्हणून हाक मारली’, ‘गॅस सुरू ठेवला’. ती वही टेबलावर ठेवा. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आणि आई तुमच्यावर अवलंबून असतील, तर जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. ही वहीची गोष्ट मी सगळ्यांना सांगते, कारण मला कोणी सांगितली नव्हती आणि आमचा पहिला अर्ज परत आला होता.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. एका हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं म्हणून मी भावाबद्दल सगळं सांगितलं, अगदी वाईट दिवसांचंही. चांगल्या हेतूने सांगितलं. दोन दिवसांत ते फिरून त्याच्या कानावर आलं. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जेवण खोलीतच घेतलं. मग म्हणाला, ‘ताई, आजार माझा आहे ना?’ मी माफी मागितली. आता बाहेर काय सांगायचं ते त्याला विचारून ठरवते. आजाराचं नाव सांगायला त्याची हरकत नाही, मधल्या काही वर्षांचं सांगायला आहे, म्हणून इथेही ते लिहीत नाही. तुमच्या आई आता परवानगी देऊ शकणार नाहीत. तेव्हा त्या धडधाकट असताना कोणती गोष्ट चारचौघांत बोललेली त्यांना आवडली नसती, तेवढी वगळा. आंघोळ-कपड्यांच्या गोष्टी तर नकोतच.

फोनची वेळ ठरवा. माझी दुपारी चार ते पाच आहे. पूर्वी रात्री दोनलाही उचलत होते, मग सकाळी भावाला गोळ्या द्यायला उशीर व्हायचा. आता रात्रीसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देते, तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. औषधाचं नाव किंवा डोस कोणालाही सांगत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तुमच्या आईला जे चाललं ते दुसऱ्याच्या सासऱ्यांना चालेलच असं नाही.

आणि जी बाई तुमच्याकडे येईल तिला आधी पेशंटबद्दल विचारू नका, झोप किती झाली ते विचारा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जणी या प्रश्नालाच रडल्या आहेत. त्यांना रडू द्यावं, चहा टाकावा. प्रमाणपत्राचं, अर्जाचं वगैरे दुसऱ्या खेपेला काढावं.

वही मात्र आजपासूनच सुरू करा. पुढच्या तपासणीच्या तारखेला ती बरोबर न्या, आणि बाकावर शेजारी कोण बसलंय ते बघा.