फोटोखाली चार ओळी लिही

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले ऊसतोडीचे फोटो निवांत पाहिले. उजेड सुरेख पकडलायस. कोपीपुढे (पाचटाच्या झोपडीपुढे) धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असलेली ती पोर तर कुठल्याही प्रदर्शनात लागेल. पण ती केवढी आहे, कुठल्या तालुक्यातून आली, शाळा कधी सुटली, यातलं एक अक्षर तू लिहिलेलं नाहीस. नुसतं हळहळण्यापलीकडे या फोटोचं कुणी काय करायचं?

लुईस हाइनचं काम वेळ काढून बघ. हा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर, पुढे फोटोग्राफर झालेला. १९०८पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्याने गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने पालथे घातले. गेटवर अडवायचे, म्हणून कधी बायबल विकणारा, कधी विमा एजंट बनून आत शिरायचा. हात कोटाच्या खिशात, आणि खिशातल्या वहीत न बघता टिपणं चाललेली. आपल्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंच, हे त्याला ठाऊक असे. पोर शेजारी उभं राहिलं की उंची कळायची. साउथ कॅरोलिनातल्या एका सूतगिरणीत चात्यांच्या लांबलचक रांगेपुढे उभी असलेली त्याच्या फोटोतली एक मुलगी प्रसिद्ध आहे. खाली नोंद: उंची ४८ इंच, सहा महिन्यांपासून कामावर. चार फूट! एवढं वाचल्यावर मालकाने वय काय सांगितलं याला अर्थ उरत नाही.

दुसऱ्या एका गिरणीत मुकादम त्याला म्हणाला, ही पोरगी सहज आत आली होती. हाइनने तेही नोंदीत घातलं, वर खवचटपणे लिहिलं की या गिरण्या 'सहज आत आलेल्या' नि 'ताईला मदत करणाऱ्या' पोरांनी भरलेल्या दिसतात. तुला फडावर काय ऐकायला मिळालं असेल ते मी घरबसल्या सांगतो: "आईबापासंगं आलंय, काम कुठं करतंय!" ते जसंच्या तसं लिहून घे आणि खाली वार-वेळ टाक. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे; पण बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करायची मुभा ठेवली. म्हणजे मोळी उचलणाऱ्या पोराच्या फोटोखाली 'मंगळवार, सकाळचे अकरा' एवढं असलं आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी नसली, तरी ती पळवाट तिथे बंद होते.

एका बाबतीत मात्र हाइनचं अनुकरण नको. तो मुलांची नावं सर्रास द्यायचा. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या घराने मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलीय, हे विसरू नकोस. फोटो पेपरात आला की तू मोकळा. जाब त्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोला, द्यावा लागतो. नावगाव वहीत राहू दे. छापायला हात दाखव, पाठ दाखव, मोळीच्या मानाने पोर केवढं ते दाखव. आणि फोटो कुठे जाणार हे आईबापाला आधी सांग. नको म्हणाले तर विषय संपला.

लगेच काही घडेल अशी आशा धरू नकोस. तिकडे अमेरिकेत १९१६ला बालमजुरीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, १९१८ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. हाइन १९४०मध्ये हलाखीत गेला. (त्याच्या फोटोंनी कायदा आणला असं सर्रास लिहितात. मला ते पटत नाही.) समितीची माणसं ते फोटो पत्रकांत, प्रदर्शनांत, सभांत वर्षानुवर्षं वापरत राहिली. तुझ्यामागे असं कोण आहे? इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी हंगामी वसतिगृहातल्या (आईबाप तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहतात तिथल्या) शिक्षकांना आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनेतल्या कुणाला तरी भेट. त्यांचं कुठे अडतं, कुठला पुरावा कमी पडतो, ते विचार. गावच्या शाळेच्या पटावर हजर असलेलं पोर त्याच दिवशी फडात होतं, एवढंच दाखवायला त्यांना तुझा फोटो लागेल.