'इमो' म्हणजे मावशीच

प्रश्न असा आहे: "सोलमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीबरोबर एका रात्री मापो भागात भाजलेल्या बरगड्या खायला गेले होते. वाढणाऱ्या बाईंना ती सारखी 'इमो' अशी हाक मारत होती. त्या तिच्या नात्यातल्या नव्हत्या. प्रवासवर्णनात काय लिहू? काकू, आंटी, की इमो तसंच ठेवू?"

मावशी लिहा, आणि निःशंकपणे लिहा. इतका नेमका प्रतिशब्द दोन दूरच्या भाषांत क्वचित सापडतो.

कोरियनमध्ये आईच्या बहिणीला 'इमो' म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीला 'गोमो'. मामीला आणि काकूलाही वेगळे शब्द आहेत. वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला तर 'खनऑमॉनी', म्हणजे शब्दशः मोठी आई म्हणतात. हे आपल्याकडच्या कित्येक घरांत आजही ऐकू येतं. नाती इतकी वेगवेगळी सांगणाऱ्या भाषेतला शब्द 'आंटी'त घातला, तर आत्या, मामी, काकू, मावशी यांतली नेमकी कोण हेच हरवतं. 'काकू'ची अडचण वेगळी आहे. मराठीत काकू म्हणजे शेजारच्या, मित्राच्या आई, सोसायटीतल्या कोणी. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना आपण काकू म्हणून हाक मारत नाही, मावशीच म्हणतो. भाजी विकणाऱ्या, शाळेत घंटा देणाऱ्या, रुग्णालयात चादर बदलणाऱ्या, सगळ्या मावशीच. आईच्या मैत्रिणीही मुलांच्या मावशी होतात, आणि कोरियन मुलंही आईच्या मैत्रिणीला इमोच म्हणतात.

परक्या बाईला हाक मारायला दोन्ही भाषांनी आईची बहीण निवडली, वडिलांची नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे आत्या मानाची. बारशाला बाळाच्या कानात नाव तीच सांगते, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत मुलीची आत्या तिची सासूही होऊ शकते. मावशी मात्र आजोळची. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण आत्याच्या नावाने झाली नाही. कोरियन गोमोदेखील वडिलांच्या कुळातली, त्यांच्याच आडनावाची. तेव्हा भुकेल्या माणसाने आणखी थोडं मागायला आईकडच्या नात्याची हाक मारावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. हा माझा तर्क आहे, पण दोन्हीकडचा वापर त्याला धरून आहे.

तिथे मागणं हा जेवणाचाच भाग आहे. मांसाबरोबर किमची, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या अशा छोट्या वाट्या येतात. त्यांना 'बांचान' म्हणतात आणि त्या बहुतेक ठिकाणी पुन्हा मागितल्या तरी पैसे पडत नाहीत. तुमची मैत्रीण बहुधा असं म्हणाली असेल: 'इमो, यॉगी किमची जोम तॉ जुसेयो.' यात यॉगी म्हणजे इकडे, जोम म्हणजे जरा, तॉ म्हणजे आणखी, जुसेयो म्हणजे द्या. 'मावशी, इकडे किमची जरा आणखी द्या.' शब्दांचा क्रमसुद्धा बदलावा लागला नाही. आणि 'जोम'चं काम आपल्या 'जरा'सारखंच आहे. त्याने मागणीचं माप सांगितलं जात नाही, तिची धार कमी होते.

त्या 'द्या'कडे मुद्दाम लक्ष द्या. सख्ख्या मावशीला आपण 'दे ना गं' म्हणतो, पण खानावळीतल्या मावशींना 'द्या'. हाक घरातली आणि क्रियापद परक्याचं, अशी ही जोडी आहे. कोरियनमध्येही अशा ठिकाणी आदराचं '-यो' सुटत नाही, आणि कित्येक जण पुढे 'निम' हा आदराचा प्रत्यय लावून 'इमोनिम' म्हणतात. म्हणून लेखनात 'मावशी आल्या, शेगडीवरची जाळी बदलून गेल्या' असं आदरार्थी बहुवचनच ठेवा. 'मावशी आली' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला ती मैत्रिणीची खरीच मावशी वाटेल.

'आजुम्मा' हा शब्दही तुमच्या कानावर पडला असेल. त्याचं भाषांतर मावशी करू नका. प्रौढ बाईला तसं हाकारणं बऱ्याच जणींना झोंबतं. आपल्या 'ओ बाई'च्या जवळचा तो सूर आहे. वाढणारी मुलगी तरुण असेल तर 'यॉगीयो', म्हणजे नुसतं 'अहो, इकडे' पुरतं.

एक आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ही नात्याची हाक बँकेतल्या किंवा कचेरीतल्या बाईंना कोणी मारत नाही. ती वाढणाऱ्या, पुसणाऱ्या, उचलणाऱ्या हातांच्याच वाट्याला येते, सोलमध्येही आणि पुण्यातही. मायेच्या शब्दाआड ही नोकरी आहे, तिचे तास आणि पगार आहेत, हे झाकलं जातं. म्हणूनच कोरियातल्या वुमेनलिंक या महिला संघटनेने 'छारिम्सा', म्हणजे पान मांडणारी व्यक्ती, असा व्यवसायवाचक शब्द सुचवला होता. मराठीत 'वाढपी' हा शब्द आधीपासून आहे. तुमच्या निवेदनात त्या बाईंचा उल्लेख 'वाढपी' किंवा 'वाढणाऱ्या बाई' असा करा, आणि मैत्रिणीच्या तोंडी 'मावशी' द्या. पहिल्या संवादात एकदा 'इमो' लिहून लगेच मावशी हा अर्थ दिलात, की पुढे मूळ शब्द पुन्हा आणायची गरज नाही.