पर्वरीतील वरच्या मजल्यावरची खोली: दोन टनांचा एसी की कूलर?

गोव्यातल्या पर्वरीत शेवटच्या मजल्यावर असलेल्या १२० चौरस फुटांच्या खोलीसाठी दोन टनांचा एसी घ्यावा की स्वस्तातला कूलर, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्ही नकोत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा सहसा ३३-३४ अंशांच्या आसपासच असतो. जीव नकोसा होतो तो हवेतल्या दमटपणामुळे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो हवा २८ अंशांच्या खाली नेऊच शकत नाही, उलट खोलीतला ओलावा वाढवतो. नागपूरला उपयोगी पडणारे हे यंत्र इथे गाद्यांना बुरशी आणते.

गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करतो खरा, पण कॉम्प्रेसर लवकर थांबल्याने किंवा मंदावल्याने हवेतले पाणी कॉइलवर जमून बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळत नाही. मग गारठा जाणवतो, चिकचिक मात्र जात नाही, आणि आपण रिमोटवर १८ अंश लावतो. विक्रेत्याच्या आग्रहाने मी हीच चूक केली होती. आता एवढ्याच खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी २६ अंशांवर आणि सोबत छताचा पंखा मंद गतीवर ठेवला, की आम्हांला शांत झोप लागते. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, असेल तर ७५ वॉटऐवजी ३० वॉटच्या आसपास वीज पुरते.

तरीही तुमच्या बाबतीत आधी स्लॅबकडे पाहा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. गच्चीवर पावसासाठी पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर असेल आणि मधून वारा खेळत असेल, तर निम्मे काम झालेच आहे. नसेल तर सोसायटीची परवानगी घेऊन उन्हाळ्यापूर्वी पांढरा उष्णतारोधक लेप लावून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची झडप अधिक उपयोगी पडते.

एसी घेताना वीजबचतीच्या ताऱ्यांबरोबर लेबलवरचे वर्षही पाहा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुने पाच तारे नव्या मोजमापात कमी भरतात. खाऱ्या हवेमुळे गंजरोधक लेपाची तांब्याची कॉइल घ्या आणि बाहेरचे युनिट भिंतीवर अशा जागी बसवा, जिथे माणसाला सुरक्षितपणे उभे राहून ते गोड्या पाण्याने धुता येईल.